मीठ आणि मासळीचे नगर : फान थियेत

समुद्रकाठच्या नगरांचा इतिहास बहुधा बंदरांचा इतिहास असतो. परदेशी गलबते येतात, वखारी उभ्या राहतात, जकातीचा पैसा राजाच्या कोशात पडू लागतो, आणि मग इतिहासकाराची लेखणी त्या गावाकडे वळते. व्हिएतनामच्या किनाऱ्यावरील होई आन हे अशा प्रकारचे नगर होते. जपानी, चिनी आणि डच व्यापाऱ्यांच्या कागदपत्रांत त्याचे नाव जागोजाग आढळते. त्याच किनाऱ्याच्या दक्षिण भागात, पूर्वीच्या सायगावपासून म्हणजे आजच्या हो चि मिन्ह नगरापासून पूर्वेस सुमारे २०० किलोमीटरवर, फान थियेत हे नगर वसले आहे. त्याच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. का ती नावाची एक लहानशी नदी तेथे समुद्राला मिळते. मोठ्या जहाजांना आसरा देईल असे खोल बंदर तेथे नाही. कोणा राजाने तेथे राजधानी केली नाही, की कोणा युरोपीय कंपनीने वखार घातली नाही. तेथे होते ते मासे आणि मीठ. या दोन वस्तूंच्या बळावर त्या गावाने आपला इतिहास घडविला, आणि एका काळी तर संपूर्ण देशाच्या इतिहासालाही हातभार लावला.

हे मासे आणि हे मीठ तेथेच का, याचे उत्तर वाऱ्यात आहे. भारतीय माणसाला ज्याची पिढ्यानपिढ्या ओळख आहे तोच नैर्ऋत्य मोसमी वारा तेथेही वाहतो. पण तेथे त्याची करणी निराळी आहे. कोकणात हा वारा सुरू झाला की होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, जाळी आवरून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहतात. फान थियेतला याच दिवसांत मासळीचा मुख्य हंगाम असतो. तेथील किनारा अशा रीतीने वळलेला आहे की हा वारा त्याला जवळजवळ समांतर वाहतो. त्यामुळे किनाऱ्याजवळचे वरचे पाणी बाहेर लोटले जाते आणि त्याची जागा घेण्यासाठी तळाचे थंड पाणी वर येते. या थंड पाण्याबरोबर तळाशी साचलेली पोषकद्रव्येही वर येतात. त्यांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात, आणि त्यांच्यामागून मांदेलीच्या जातीच्या बारीक मासळीचे थवेच्या थवे येतात. या भागात पाऊसही देशात सर्वांत कमी. मुई नेच्या भूशिराजवळ तांबड्या आणि पांढऱ्या वाळूच्या टेकड्या पाहिल्या म्हणजे भाताच्या देशात आपण एखाद्या मरुभूमीत तर आलो नाही ना, असा भास प्रवाशाला होतो. ज्या कोरडेपणामुळे शेतकऱ्याचे हाल होतात तोच मिठागरांना वरदान ठरतो. भरपूर ऊन, थोडा पाऊस आणि शेजारी खारे पाणी! मासे आणि मीठ एकाच ठिकाणी निर्माण व्हावेत अशी योजना सृष्टीनेच करून ठेवली होती.

हा किनारा प्रथम व्हिएतनामी लोकांचा नव्हता. तो चाम लोकांचा होता. चाम हे मलय भाषांशी नाते सांगणारी भाषा बोलणारे दर्यावर्दी लोक. त्यांच्या राज्यांना चंपा हे नाव होते. ख्रिस्तोत्तर पहिल्या सहस्रकात त्यांनी संस्कृत भाषा, शैव उपासना आणि भारतीय पद्धतीची राजनामे स्वीकारली. चंपाच्या दक्षिणेकडील राज्याचे नाव ऐकून मराठी माणसाचे कान टवकारल्याशिवाय राहणार नाहीत. ते नाव होते पांडुरंग. नवव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखांत ते कोरलेले आहे, आणि फान थियेतच्या उत्तरेस असलेल्या फान रांग या नगराच्या नावात ते आजही रूपांतरित होऊन जिवंत आहे. अर्थात, या नावाचा भीमातीराशी संबंध जोडण्याचा मोह आवरलेला बरा. पांडुरंग म्हणजे शुभ्र वर्णाचा. शिवाच्या गौर कांतीला शोभणारा हा शब्द चंपातील शैवांनी संस्कृतातून घेतला असावा, एवढेच म्हणता येते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्याकडील काही विद्वान चंपाला प्राचीन भारतीय वसाहत म्हणत असत. राष्ट्राभिमानाला ते सुखावणारे होते. परंतु पुरावा त्या बाजूचा नाही. भारतातून तेथे राज्यकर्ते गेले नाहीत. तेथील लोकांनीच आपल्या गरजेप्रमाणे भारतातून शब्द, देव आणि शिल्प निवडून घेतले. घेणाऱ्याची निवड ही देणाऱ्याच्या दानाइतकीच मोलाची असते, हे त्या वेळी ध्यानात आले नाही.

फान थियेत हे नावही मूळ हामु लिथित या चाम नावावरून आले, असे सांगतात. हामु म्हणजे शेताची सखल जमीन. नगराच्या केंद्रापासून सुमारे ७ किलोमीटरवर फू हाय येथे एका टेकडीवर विटांची तीन चाम मंदिरे उभी आहेत. आठव्या शतकाच्या अखेरीस किंवा नवव्याच्या आरंभी ती बांधली गेली. ती मूळची शिवाची. पुढे पो साह इनु नावाच्या चाम राजकन्येची पूजा तेथे सुरू झाली आणि आज ती तिच्याच नावाने ओळखली जातात. मुख्य मंदिरात शाळुंकेसह शिवलिंग आहे. चाम लोक अजूनही शरद ऋतूत काते नावाचा आपला उत्सव तेथे साजरा करतात. खाली समुद्र, वर लालसर विटांचे मंदिर, आणि त्यात एका विस्मृत साम्राज्याचा देव. याच टेकडीवर १९११ मध्ये एका फ्रेंच राजवंशीय ड्यूकने स्वतःसाठी एक बंगला बांधला. हान माक तू हा कुष्ठरोगाने अकाली गेलेला कवी आपल्या प्रेयसीसह तेथे फिरावयास येत असे, म्हणून त्या बंगल्याचे नाव व्हिएतनामी काव्यरसिकांना ठाऊक आहे. बंगला शंभर वर्षेही टिकला नाही. युद्धात त्याचे अवशेष तेवढे उरले. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या विटा मात्र शाबूत आहेत.

चंपाचा ऱ्हास ही दीर्घकाळ चाललेली शोककथा आहे. १४७१ मध्ये व्हिएतनामच्या ले वंशातील राजाने चंपाची विजय ही राजधानी जिंकली. त्यानंतर चाम सत्ता दक्षिणेकडे, पांडुरंगात, आक्रसत गेली. १६९३ मध्ये दक्षिणेकडील न्गुयेन सरदारांनी पांडुरंगही आपल्या अंकित केले, आणि १६९७ मध्ये तेथे बिन्ह थुआन नावाचा प्रशासकीय विभाग स्थापन झाला. चाम राजा नावाला उरला. १८३२ मध्ये सम्राट मिन्ह मांग याने तेही नाव पुसून टाकले. पुढील तीन वर्षे चाम लोकांनी बंडे केली. ती निर्दयपणे मोडून काढण्यात आली. नव्या सत्तेच्या दप्तरात या साऱ्याची नोंद प्रांतरचनेतील फेरबदल अशी झाली असेल. कारकुनाच्या एका ओळीत एका जातीचा अंत मावतो.

भूमी जिंकणारे व्हिएतनामी लोक उत्तरेकडून आले ते मुख्यतः भातशेती जाणणारे. पण येथे भाताला पाणी नव्हते. समुद्र होता. समुद्राचे ज्ञान मात्र जितांपाशी होते. होडी कशी बांधावी, कोणत्या ऋतूत कोठे जाळे टाकावे, आणि संकटात कोणाचा धावा करावा, यांतील बरेच काही नवागतांनी चाम लोकांकडून उचलले असावे. यांपैकी तिसऱ्या गोष्टीचा पुरावा फान थियेतमध्ये डोळ्यांनी पाहता येतो. मासेमाऱ्यांच्या जुन्या वस्तीत वान थुई तू नावाचे देवालय आहे. ते १७६२ मध्ये बांधले गेले. त्यातील देव म्हणजे देवमासा. मराठी भाषेने या प्राण्याला जे नाव दिले आहे ते तेथील मच्छीमारांना अक्षरशः पटावे असे आहे. वादळात बुडणाऱ्या नावेला देवमासा आपल्या पाठीचा आधार देऊन किनाऱ्याला लावतो, अशी त्यांची श्रद्धा. मृत देवमासा किनाऱ्यावर आला की त्याचे रीतसर अंत्यसंस्कार होतात. जो मच्छीमार त्याला प्रथम पाहील तो त्याचा ज्येष्ठ पुत्र मानला जातो आणि सुतक पाळतो. काही वर्षांनी अस्थी उकरून काढून देवालयात ठेवतात. वान थुई तू येथील एक सांगाडा २२ मीटर लांब आहे. चाम लोकांतही लाटांचा अधिपती पो रियाक याची उपासना आहे, आणि व्हिएतनामी मच्छीमारांचा देवमासा हा त्याचाच वारस आहे, असे अनेक अभ्यासक मानतात.

या देवालयात न्गुयेन सम्राटांनी दिलेली २४ सन्मानपत्रे जपून ठेवली आहेत. सम्राटाने देवमाशाला पदवी द्यावी ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु राज्यकारभाराच्या दृष्टीने तीत शहाणपण होते. न्गुयेन आन्ह हा पुढे सम्राट झालेला पुरुष तरुणपणी शत्रूपासून पळत असता समुद्रात देवमाशाने त्याला तारले, अशी दंतकथा होती. जितांचा देव मच्छीमारांनी घेतला; मच्छीमारांचा देव सम्राटाने आपल्या दरबारात रुजू करून घेतला. ज्यांची मंदिरे ओस पडली त्या चाम लोकांचे नाव या सन्मानपत्रांच्या वाटेत कोठेतरी गळून गेले.

आता त्या वस्तूकडे वळावयास हवे जिच्या वासाने फान थियेतची ओळख पटते. नुओक माम, म्हणजे खारवलेल्या माशांचा रस, हा व्हिएतनामी स्वयंपाकाचा प्राण आहे. आपल्याकडे मीठ जे काम करते ते आणि डाळ किंवा ताक जे पोषण देते त्यांतील काही भाग, अशी दोन्ही कामे तेथे हा रस करतो. गरिबाच्या ताटात भात, भाजी आणि वाटीभर नुओक माम असले की जेवण झाले. कृती वरवर पाहता सोपी आहे. ताज्या बारीक मासळीचे तीन भाग आणि मिठाचा एक भाग मोठ्या लाकडी पिंपात किंवा मातीच्या रांजणात थरावर थर भरावयाचे, वरून दडपण ठेवावयाचे, आणि वाट पाहावयाची. मीठ सडणे थांबवते. माशाच्या पोटातील पाचकद्रव्ये मात्र आपले काम करीत राहतात आणि मांसाचे पाणी होते. तळाच्या तोटीतून जमणारा रस पुन्हा वर ओतावयाचा, उन्हे दाखवावयाची, झाकावयाचे, उघडावयाचे. असे साधारण वर्षभर चालते. शेवटी थेंब थेंब गळणारा पहिला रस हाती येतो; तो सर्वांत उत्तम, मधासारख्या तांबूस रंगाचा. नंतर त्याच चोथ्यावर मिठाचे पाणी ओतून हलक्या प्रतीचा रस काढतात. कोरडी हवा आणि प्रखर ऊन यांमुळे फान थियेतच्या रसाला जी चव येते ती अन्यत्र येत नाही, असा तेथील लोकांचा अभिमान आहे. फू क्वोक बेटावरील लोकांना हे मान्य होणार नाही, हे सांगावयास नकोच.

हा रस टिकतो, प्रवास करतो आणि सर्वांना लागतो. म्हणून मासळीच्या गावाला बाजार मिळाला. लहान मातीच्या बुधल्यांत रस भरून, तोंडे चुन्याच्या लुकणाने बंद करून, गलबतांनी तो उत्तरेस व दक्षिणेस जाई. परत येताना तांदूळ येई. मोठ्या कारखानदारांना हाम हो म्हणत, आणि नदीकाठी त्यांचे वाडे उभे राहिले. मच्छीमार मात्र बहुधा त्यांच्याकडून आगाऊ पैसे उचलून हंगामात मासळी देऊन फेड करी. जगातल्या कोणत्याही मासळीच्या गावात जा, हे नाते थोड्याफार फरकाने हेच आढळते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेकडून संकट आले. १८६२ च्या तहाने फ्रेंचांनी सायगावसह तीन प्रांत घेतले, १८६७ मध्ये आणखी तीन. बिन्ह थुआन एकाएकी सरहद्दीचा प्रांत बनला. जिंकलेल्या प्रदेशात परकीयांच्या हाताखाली राहणे ज्यांना सहन होईना असे अनेक अधिकारी आणि विद्वान सरहद्द ओलांडून इकडे आले. त्यांत न्गुयेन थोंग हा प्रमुख होता. तो कवी, इतिहासज्ञ आणि विन्ह लोंग प्रांतात शिक्षणखात्याचा अधिकारी. १८२७ मध्ये जन्मलेल्या या माणसाने आयुष्याचा उत्तरकाल आपल्यासारख्या निर्वासितांना जमीन मिळवून देण्यात आणि पडीक रान लागवडीस आणण्यात घालविला. का ती नदीकाठच्या आपल्या घराला त्याने जे नाव दिले त्याचा अर्थ होतो पडल्या जागी प्रवास करण्याचे घरटे. ज्याची जन्मभूमी हिरावली गेली आणि ज्याला मनानेच तेथे फिरून यावे लागते त्याने घराला याहून वेगळे काय नाव द्यावे? तो १८८४ मध्ये वारला. त्याच सुमारास बिन्ह थुआनची अवस्था पटावरील सोंगटीसारखी झाली होती. १८८३ च्या तहाने फ्रेंचांनी तो प्रांत आपल्या वसाहतीला जोडला, आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने सम्राटाला परत केला. परत केला तो संरक्षणाखाली. म्हणजे रिकाम्या हाताने.

पुढे गव्हर्नर-जनरल दूमेर याच्या अमदानीत अफू, मद्य आणि मीठ या तीन वस्तूंवर सरकारी मक्तेदारी बसविण्यात आली. मिठावरील कराचा अर्थ भारतीय श्रोत्याला उलगडून सांगण्याचे कारण नाही. परंतु येथे मीठ हे केवळ चवीपुरते नव्हते. ते एका संपूर्ण धंद्याचा निम्मा कच्चा माल होते. मिठागर दृष्टीसमोर असून मीठ सरकारी भावाने विकत घ्यावयाचे, अशी फान थियेतची स्थिती झाली. १८९८ मध्ये त्या गावाला नगराचा दर्जा मिळाला, १९१३ मध्ये सायगाव ते न्हा त्रांग लोहमार्ग पुरा झाला आणि त्याचा एक लहान फाटा फान थियेतला आला. बुधल्या आता आगगाडीनेही जाऊ लागल्या. या सर्व सुधारणांची किंमत मिठाच्या भावात वसूल होत होती.

१९०५ मध्ये तीन विद्वान उत्तरेकडून पायी प्रवास करीत दक्षिणेकडे आले. फान चाऊ त्रिन्ह, त्रान क्वी काप आणि हुइन्ह थुक खांग ही त्यांची नावे. तिघेही राजदरबारच्या परीक्षांत उत्तीर्ण, आणि तिघांनीही अधिकाराच्या जागेकडे पाठ फिरविलेली. जपानशी लढावयास निघालेले रशियाचे आरमार त्या वर्षी काम रान्ह उपसागरात थांबले होते. ते पाहण्यासाठी हे तिघे विक्रेत्यांच्या वेशात गेले होते, असे सांगतात. फान चाऊ त्रिन्ह याचे म्हणणे थोडक्यात असे : शस्त्र उचलून फ्रेंचांना घालविता येणार नाही, आधी लोकांची बुद्धी जागवा, हिंमत वाढवा, आणि त्यांच्या हाताला धंदा द्या. तो फान थियेतला काही काळ राहिला. न्गुयेन थोंगचे दोन पुत्र, न्गुयेन त्रोंग लोई आणि न्गुयेन क्वी आन्ह, तसेच हो ता बांग आदी स्थानिक सुशिक्षित यांच्या मनात ते बीज पडले.

त्यांनी तीन संस्था काढल्या. नवे विचार वाचावयास मिळावेत म्हणून एक ग्रंथमंडळ, १९०६ मध्ये लियेन थान्ह ही व्यापारी कंपनी, आणि १९०७ मध्ये न्गुयेन थोंगच्या वाड्याच्या आवारात दुक थान्ह नावाची शाळा. कंपनीने भांडवल उभे केले ते समभाग विकून, आणि धंदा निवडला तो नुओक मामचा. या निवडीतील धाडस आज सहज लक्षात येत नाही. कन्फ्यूशियसच्या परंपरेने समाजाची उतरंड ठरविली होती : आधी विद्वान, मग शेतकरी, मग कारागीर, आणि सर्वांत शेवटी व्यापारी. अशा समाजात परीक्षार्थी कुटुंबांतील माणसांनी अंगाला मासळीचा वास लावून घेत दुकान थाटावे, हे पुष्कळांना अधःपतन वाटले असल्यास नवल नाही. पण त्यांचा हिशेब स्वच्छ होता. देशाचा व्यापार फ्रेंच आणि चिनी पेढ्यांच्या हाती गेला होता. ज्या वस्तूची कृती कोणा परक्याकडून शिकावयाची नाही, जी प्रत्येक घरात लागते आणि जिचा कच्चा माल दाराशी आहे, अशी एकच वस्तू त्यांच्यापाशी होती. बुधलीवर त्यांनी लाल हत्तीची मुद्रा लावली. नफ्यातून शाळा चालली. व्हिएतनामी भाषा रोमन लिपीत, तिच्या जोडीला चिनी व फ्रेंच, आणि शिवाय व्यायाम, असा तेथील अभ्यासक्रम. पाठांतराने परीक्षा जिंकणाऱ्या देशात मुलांना कवायत शिकविणे हीही एक क्रांतीच होती.

१९०८ मध्ये मध्य व्हिएतनाममध्ये करांविरुद्ध लोक रस्त्यावर आले. सरकारने सुधारकांवर सूड उगविला. त्रान क्वी कापचा शिरच्छेद झाला. फान चाऊ त्रिन्ह आणि हुइन्ह थुक खांग यांना कोन दाओ बेटावरील तुरुंगात धाडण्यात आले. देशभर नव्या शाळा आणि संस्था मोडून काढण्यात आल्या. लियेन थान्ह वाचली. ती व्यापारी कंपनी होती. तिच्या दप्तरात समभाग, बुधल्या आणि मासळीचे हिशेब होते. शाळाही आणखी काही वर्षे तग धरून राहिली.

या शाळेत १९१० मध्ये वीस वर्षांचा एक तरुण शिक्षक म्हणून आला. त्याचे वडील फान चाऊ त्रिन्हबरोबर १९०१ च्या परीक्षेत उत्तीर्ण झालेले. अधिकारपदावरून नुकतेच बडतर्फ झालेले. वडिलांच्या स्नेह्यांच्या ओळखीने मुलाला ही जागा मिळाली. त्याचे नाव न्गुयेन तात थान्ह. त्याने जेमतेम पाच महिने शिकविले. १९११ च्या फेब्रुवारीत तो कोणाला फारसे न सांगता सायगावला निघून गेला, आणि त्याच वर्षी ५ जूनला एका फ्रेंच जहाजावर स्वयंपाकघरातील मदतनीस म्हणून चढला. तो तीस वर्षांनी मायदेशी परतला. तोवर त्याने अनेक नावे धारण केली होती, आणि त्यांतील शेवटचे, हो चि मिन्ह, जगाला माहीत आहे. १९५८ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष म्हणून तो भारतात आला तेव्हा त्याच्या साधेपणाची चर्चा घरोघर झाली.

दुक थान्ह शाळा १९१२ मध्ये बंद पडली. पुढे ती जुन्या आठवणींवरून पुन्हा उभी करण्यात आली, आणि शेजारी हो चि मिन्हच्या नावाचे संग्रहालय झाले. शाळकरी मुले रांगेने येतात आणि त्या तरुण शिक्षकाची बाके पाहून जातात. हे साहजिक आहे. परंतु त्या आवारात जे खरोखर घडले त्याचा मान पाच महिन्यांच्या पाहुण्याला जास्त आणि घरच्या मालकांना कमी, अशी वाटणी झाली आहे. त्या शिक्षकाचा पगार ज्या पैशातून निघे तो मच्छीमारांच्या जाळ्यांतून आणि हाम हो लोकांच्या रांजणांतून आला होता. शस्त्र न घेता, राजाकडे याचना न करता, स्वतःच्या धंद्यावर शाळा चालविता येते, हे लियेन थान्हच्या संस्थापकांनी प्रत्यक्ष करून दाखविले. त्यांचा मार्ग देशाने पुढे स्वीकारला नाही. देशाने युद्धाचा मार्ग घेतला, किंवा त्याला घ्यावा लागला.

युद्धाची हकीकत येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. १९४५ नंतर फ्रेंचांशी नऊ वर्षे लढाई झाली. १९५४ मध्ये जिनीव्हाच्या कराराने देशाची फाळणी झाली. कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते, आणि ते काम किती निष्फळ ठरले हे सर्वश्रुत आहे. फान थियेत दक्षिण व्हिएतनाममध्ये राहिले. १९६६ पासून अमेरिकन सैन्याचा तळ नगराच्या कडेला, समुद्रावरील उंचवट्यावर पडला. १९६८ च्या चांद्र नववर्षाच्या हल्ल्यात नगरातच लढाई झाली. १९ एप्रिल १९७५ रोजी उत्तरेच्या सैन्याने ते ताब्यात घेतले. त्यानंतर ११ दिवसांनी सायगाव पडले. खाजगी कारखाने सरकारजमा झाले, लियेन थान्हही त्यातून सुटली नाही. एके काळी परकीय मक्तेदारीला तोंड देण्यासाठी उभी राहिलेली संस्था स्वकीय मक्तेदारीचा भाग झाली. १९८६ नंतर सरकारचे आर्थिक धोरण सैल झाले, आणि घराघरांतील रांजण पुन्हा भरू लागले.

त्यानंतर जे परिवर्तन आले त्याचे कारण खगोलशास्त्रीय आहे, ही गोष्ट मौजेची खरी. २४ ऑक्टोबर १९९५ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. त्याचा पट्टा फान थियेतवरून जात होता. देशी-विदेशी हजारो लोक ते पाहावयास मुई नेच्या किनाऱ्यावर जमले. ग्रहण काही मिनिटांत सुटले. किनारा मात्र लोकांच्या नजरेत भरला. नारळीच्या झाडांखाली जेथे मासळी वाळत असे तेथे विश्रामगृहांची रांग उभी राहिली. १९९९ मध्ये फान थियेतला शहराचा दर्जा मिळाला. २०२३ च्या एप्रिलमध्ये सायगावच्या बाजूने येणारा द्रुतगती महामार्ग खुला झाला. प्रवासी समुद्राच्या हवेसाठी येतो, मासळीच्या वासासाठी नव्हे. म्हणून रांजणांनी वस्तीपासून दूर जावे, असा तगादा लागला. ज्या वासाने गाव वसले तो वास गावाला अडचणीचा वाटू लागला.

समुद्राकडूनही वार्ता चांगली नाही. किनाऱ्याजवळची मासळी कमी झाली, नावा दूर जाऊ लागल्या, आणि काही परक्या हद्दीत शिरू लागल्या. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये युरोपीय संघाने व्हिएतनामच्या मासळीला बेकायदा मासेमारीबद्दल ताकीद दिली. तेव्हापासून मोठ्या नावांवर त्यांचा ठावठिकाणा कळविणारे यंत्र बसविणे सक्तीचे झाले. आजोबा ताऱ्यांवरून नाव चालवीत. नातवाची नाव कोठे आहे हे किनाऱ्यावरील कचेरीतला माणूस पाहत असतो.

रसाच्या व्यवहारातही नवा स्पर्धक आला. माशाच्या थोड्या अर्कात पाणी, मीठ, साखर आणि सुवासिक द्रव्ये मिसळून कारखान्यात दिवसागणिक हजारो बाटल्या भरता येतात. वर्षभर रांजणाजवळ बसणाऱ्याने त्याच्याशी कशी बरोबरी करावी? २००७ मध्ये फान थियेतच्या नुओक मामला भौगोलिक नामाचे संरक्षण मिळाले, म्हणजे अन्यत्र केलेल्या रसाला हे नाव लावण्यास कायद्याने बंदी झाली. २०१६ मध्ये एका ग्राहक संघटनेने जाहीर केले की पारंपरिक रसात आर्सेनिक मर्यादेपेक्षा अधिक आहे. देशभर खळबळ उडाली, दुकानदारांनी बाटल्या परत पाठविल्या. सरकारी तपासणीत निष्पन्न झाले की समुद्रातील माशांत स्वभावतःच असणारे सेंद्रिय आर्सेनिक ते, शरीराला अपाय न करणारे. संघटनेने माफी मागितली, वृत्तपत्रांना दंड झाले. मधल्या काही दिवसांत छोट्या कारखानदारांच्या जिवाला जो घोर लागला त्याची भरपाई कोणत्या दंडातून व्हावयाची?

१ जुलै २०२५ रोजी व्हिएतनामने आपली प्रशासकीय घडी बदलली. प्रांतांची संख्या ६३ वरून ३४ वर आणली आणि जिल्ह्याच्या पातळीवरील शासनव्यवस्था सर्वत्र रद्द केली. १६९७ पासून या ना त्या रूपात चालत आलेले बिन्ह थुआन हे प्रांतनाम संपले. तो प्रदेश डोंगरातील लाम दोंग प्रांताला जोडला गेला. त्याचे मुख्य ठाणे दा लात आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर, पाइन वृक्षांच्या आणि थंड हवेच्या गावात. मिठागरे, नावा आणि रांजण यांचे कागद आता घाट चढून तेथे जातात. फान थियेत शहर हा शासकीय घटकही त्याच दिवशी नाहीसा झाला. त्याचे निरनिराळे प्रभाग पाडण्यात आले. त्यांतील एकाला फान थियेत हे नाव आहे, एकाला मुई ने, आणि एका प्रभागाला गेलेल्या प्रांताची आठवण म्हणून बिन्ह थुआन. पो साह इनुच्या टेकडीवर काते उत्सवासाठी जमणारे चाम लोक नव्या दाखल्यांवर लाम दोंगचे रहिवासी आहेत. आणि का तीच्या मुखातून संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या नावा निघण्यापूर्वी मच्छीमार वान थुई तूला उदबत्ती लावून येतात.